काढ, मांड आणि दोनशे बारा माणसं

लातूरला आमच्या हपिसात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या खोलीबाहेर चपला काढून ठेवाव्या लागत. आत गार हवेचं यंत्र होतं आणि बाहेर उन्हाळा भाजून काढत होता. दुष्काळाचं दुसरं साल. खेड्यांतून टँकरच्या कामासाठी आलेली माणसं त्या दाराशी उगं दोन मिनिटं गारव्याला उभी राहत आणि आत डोकावून बघत. आत मी बसलेली असे. काळ्या पडद्यावर पांढरी रेघ लुकलुकत असे. बघणाऱ्यांना वाटायचं, या बाईला सगळं कळतंय.

मला काही कळत नव्हतं. नोकरीची पहिली दोन वर्षं मी बहुतेक गोंधळलेलीच होते, आणि त्यातला थोडा गोंधळ निवृत्तीनंतरही सोबत आला आहे. अंकाच्या संपादकांनी ‘कॉम्प्युटरच्या सुरुवातीच्या दिवसांतल्या गमती लिहा’ असं कळवलं. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले की एकच गोष्ट पुढं येते, म्हणून तीच लिहिते.

आमची एक धर्मादाय संस्था होती. तिचं नाव इथं देत नाही. मुख्य कचेरी नांदेडला. दुष्काळात खेड्यांना टँकरनं पाणी पुरवायचं काम ती करायची. लातूर जिल्हा नवा झाला होता, तेव्हा इथंही शाखा उघडली. शाखेचे मानद सचिव विश्वनाथअण्णा मूळचे उदगीरचे, आडत व्यापारी. सकाळची पूजा करून, कपाळाला भस्म लावून बरोबर दहाला हपिसात यायचे. माणूस सचोटीचा आणि अतिशय संशयी. दुष्काळात खोटी नावं घुसवून पाणी लाटणारे त्यांनी पाहिले होते, त्यामुळं यादीतल्या प्रत्येक आकड्याकडं ते पोलिसासारखे बघत.

कुठल्या गावाला रोज किती फेऱ्या द्यायच्या, हे ठरवणारा प्रोग्रॅम नांदेडहून एका फ्लॉपीवर आला होता. तो सी नावाच्या भाषेत लिहिलेला होता. गावाची लोकसंख्या घ्यायची, माणशी किती लिटर ते धरायचं, टँकरच्या मापानं भागायचं, फेऱ्या निघाल्या. एवढं साधं काम. पण ते सी उघडून वाचायला गेलं की डोळे फिरत. सगळं एकाला एक चिकटलेलं, नावं एकेका अक्षराची, आणि समजावून सांगणारी एकही टीप नाही. प्रोग्रॅम लिहिणारे गफूरसाहेब नांदेडच्या कचेरीत होते. मी त्यांना पाहिलंही नव्हतं, पण मनातल्या मनात रोज बोल लावायची. असा कसा हा माणूस? दोन शब्द लिहून ठेवायला काय झालं होतं याला?

त्यात नव्या जिल्ह्याचा घोळ. जनगणनेच्या याद्या जिल्हा फुटण्याआधीच्या होत्या, म्हणजे उस्मानाबादच्या नावानं. नव्या याद्या लातूरच्या नावानं. काही गावं दोन्हीकडं होती, काही कुठंच नव्हती. एकाच वस्तीचं नाव एका यादीत ‘वाडी’ आणि दुसऱ्या यादीत ‘तांडा’. तीन आठवडे मी दुबार गावं शोधून काढत होते. रोज दोन-तीन सापडायची. अण्णा खूश व्हायचे. “असंच साफ करा सगळं,” म्हणायचे. सापडली की मलाही बरं वाटायचं, हे कबूल केलं पाहिजे.

अशा साफसफाईत मला ती ओळ दिसली. मराठीत सांगायची तर ती अशी होती: गाव क्रमांक एकशे सतरा असेल आणि महिना चौथा किंवा पुढचा असेल, तर माणसं दोनशे बारानं वाढव.

एकशे सतरा म्हणजे उंबरदरा तांडा. उदगीरच्या पुढं, डोंगराच्या अंगाला, नांदेडच्या हद्दीला चिकटलेली बंजारा वस्ती. यादीप्रमाणं माणसं एकशे अठ्ठ्याऐंशी. मग एप्रिल लागला की ही दोनशे बारा माणसं येतात कुठून? दुबार म्हणावं, तर महिन्याची अट कशाला? अट मुद्दाम घातली म्हणावं, तर कारण कुठं लिहिलंय? मी दोन दिवस त्या ओळीकडं बघत होते.

शेवटी अण्णांना दाखवलं.

“ही दोनशे बारा माणसं सरकारी यादीत हायेत का?” त्यांनी विचारलं.

“नाहीत.”

“मग कुण्यातरी पुढाऱ्यानं घुसवली असतील. काढून टाका.”

“गफूरसाहेबांना एकदा विचारते अण्णा.”

“विचारा की. पण काम थांबवू नका.”

मी नांदेडला ट्रंककॉल लावला. दुपारी लागला. तिकडचा कारकून म्हणाला, साहेबांच्या घरून आजारी आहेत, त्यांना घेऊन साहेब हैदराबादला गेलेत, आठ-दहा दिवसांनी येतील. घरून म्हणजे बायको. मी फोन ठेवला. आठ-दहा दिवस थांबता आलं असतं. तेव्हा मार्च चालू होता, ती ओळ लागू व्हायला वेळ होता. पण मी ती ओळ काढली. का काढली, याचं नीट उत्तर माझ्याकडं आजही नाही. कंटाळा आला होता, की अण्णांनी शाबासकी द्यावी असं वाटत होतं, की समजत नाही म्हणजे चूकच असणार, असा ताठा होता? तिन्ही असेल.

काहीच झालं नाही. कुणाची तक्रार नाही, काही नाही. मी ते विसरूनही गेले.

पाडवा होऊन पंधरा-वीस दिवस गेले असतील. एक म्हातारी बाई हपिसात आली. आरसे लावलेली जुनी कांचोळी म्हणजे बंजारा चोळी, हातभर पांढऱ्या बांगड्या. चप्पल नव्हतीच, त्यामुळं काढायचा प्रश्न नव्हता. ती सरळ आत आली आणि माझ्यासमोर फरशीवर बसली. नाव सांगितलं जमनाबाई, गाव उंबरदरा.

“बाई, तुमी यादी करता का पाण्याची?”

“हो.”

“गेल्या साली पाडव्यापासनं दुसरा टँकर यायचा. औंदा आला न्हाई. डायवर म्हन्तोय, मशिनीत एकच फेरी हाय. मला मशिनीतलं आमचं नाव दाखवा.”

मी यादीचा कागद तिच्यापुढं धरला. तिला वाचता येत नव्हतं. “नाव नसतं आजी, आकडा असतो. उंबरदरा, एकशे अठ्ठ्याऐंशी माणसं.”

ती हसली. थट्टेनं नव्हे, खरंच हसू आलं तिला. “तेवढी तर आमची लेकरंच असतील. मोठी मानसं कुटं गेली?”

मग तिनंच सांगितलं, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं. दिवाळी झाली की तांडा ऊसतोडीला जातो. मागं म्हातारी माणसं आणि थोडी पोरं. मोजणीवाला माणूस आला तेव्हा घरांना कुलपं होती. पाडव्याच्या आगंमागं सगळे परततात. “आता समदे हायेत घरी. अन् पाणी म्हाताऱ्यांपुरतंच येऊन राहिलंय.”

ऊसतोडीचं मला माहीत नव्हतं असं नाही. लातूरात वाढलेल्या माणसाला ते माहीत नसेल कसं? दिवाळीनंतर बैलगाड्या आणि ट्रक भरभरून जाताना मी दरवर्षी बघत होते. पण पडद्यावरचं ‘महिना चार’ आणि ते ट्रक ह्यांची गाठ माझ्या डोक्यात पडलीच नाही. त्या क्षणी पडली.

“माझी सून हिरीत उतरली होती,” जमनाबाई म्हणाली. “तळाला वाटीनं पाणी भरायला. चिखलात पाय सरकला. मांडी मोडली. उदगीरच्या दवाखान्यात हाय.” आणि मग, आवाज जराही न चढवता, “तुमच्या मशिनीत आमचं काय चुकलं होतं, बाई?”

मी तिला पाणी दिलं. पाणी देताना स्वतःचीच लाज वाटली. मग तिच्यासमोरच ती ओळ परत घातली, यादी छापली आणि अण्णांची सही घ्यायला गेले. अण्णांनी सगळं ऐकलं. भस्माखाली कपाळाला आठ्या पडल्या. सही केली आणि एवढंच म्हणाले, “मी काढा म्हणलो होतो.” दुसऱ्या दिवशी दुसरा टँकर गेला.

आता गोष्ट इथं संपायला हवी होती. पण मला झोंबत होतं की गफूरसाहेबांनी कारण का लिहिलं नाही. एक शब्द ‘ऊसतोड’ असा लिहिला असता, तर हे झालंच नसतं. दोष त्यांचाही आहे, हे मला सिद्ध करायचं होतं. मी अण्णांची परवानगी काढली आणि अहमदपूरवरून जाणाऱ्या एस.टी.नं नांदेड गाठलं.

गफूरसाहेब देगलूरचे. पन्नाशीचे, बारीक, खादीचा ढगळ सदरा. मराठी, उर्दू, तेलुगू तिन्ही सारख्याच सहजतेनं बोलायचे. मी रागातच सुरुवात केली. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर कपाटातून एक पुठ्ठ्याच्या बांधणीचं जाडजूड बाड काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

“वाचा, सुनंदाबाई.”

ते पुस्तक होतं. आमच्याच प्रोग्रॅमचं. ठिपक्याठिपक्यांच्या प्रिंटरवर छापलेलं. मशीनला देवनागरी येत नसल्यामुळं मराठी इंग्रजी अक्षरांत टाईप केलेली, पण अस्सल मराठी. “हे काम कशासाठी आहे ते आधी सांगतो,” अशी सुरुवात. मग एक परिच्छेद मराठी, चार ओळी सी, पुन्हा परिच्छेद. एकशे सतराच्या जागी अर्धं पान होतं. उंबरदरा तांड्याची जनगणना लोक ऊसतोडीला गेलेले असताना झाली. मी स्वतः वैशाखात घरोघर जाऊन मोजलं. दोनशे बारा जास्त भरले. ज्याला शंका येईल त्यानं जमनाबाईला विचारावं. आणि त्या ओळींच्या डोक्यावर मथळा: परतलेली माणसं मिळवा.

“मग हे आमच्या फ्लॉपीत का नाही?” मी विचारलं.

तेव्हा त्यांनी मला ती दोन हत्यारं दाखवली. त्यांनीच सीमध्ये लिहिलेले दोन छोटे प्रोग्रॅम. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर नाव टाईप करायचं आणि एन्टर दाबायचं. एकाचं नाव काढ, दुसऱ्याचं मांड.

ज्यांना ह्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मूळ फाईल एकच. तिच्यात माणसाला समजेल अशा क्रमानं मराठी आणि सी मिसळून लिहायचं. मग ‘काढ’ म्हटलं, की ते हत्यार त्यातलं फक्त सी उचलतं, मशीनला लागतं त्या क्रमानं लावतं आणि मराठी टाकून देतं. ‘मांड’ म्हटलं, की त्याच फाईलीचं वाचायचं पुस्तक तयार होतं. एक मशीनसाठी, एक माणसासाठी. मोठ्या जगात ह्याला लिटरेट प्रोग्रॅमिंग म्हणतात हे पुढं कळलं. साहेबांनी हैदराबादच्या एका वाचनालयात त्यावरचा लेख वाचला होता, आणि हत्यारं विकत मिळणं शक्य नव्हतं म्हणून स्वतःच करून घेतली होती.

“एवढा खटाटोप कामून केला साहेब?”

“माझे वालिद निजामाच्या कचेरीत पेशकार, म्हणजे कारकून, होते,” ते वडलांबद्दल सांगू लागले. “त्यांनी सुंदर उर्दूत दफ्तरं लिहिली. आज देगलूरात ती वाचणारे चार जण उरलेत. कागद राहातोय बाई, वाचणारा जातोय. म्हणलं, आपण असं लिहावं की प्रोग्रॅमवाला नसलेल्यालाही वाचता यावं.”

लातूरची शाखा उघडली तेव्हा नांदेडच्या कुणीतरी म्हटलं होतं की मशीनला लागेल तेवढंच पाठवा, फ्लॉपीत जागा नाही. म्हणून काढलेलं सी तेवढं आमच्याकडं आलं. पुस्तक नांदेडला कपाटात, मूळ फाईल तिथल्या मशीनवर. मराठवाड्यात प्रोग्रॅम समजावून सांगण्यासाठी सगळ्यांत जास्त मेहनत घेणाऱ्या माणसाला मी वर्षभर बेफिकीर म्हणत होते.

पण गोंधळ तिथंही मिटला नाही. आम्ही दोघांनी मूळ फाईल उघडली. तिच्यात दोनशे बारा. मग नांदेडच्या मशीनवर रोज चालणारं काढलेलं सी उघडलं. त्यात दोनशे चाळीस! साहेबांनी कचेरीतल्या माणसांना बोलावलं.

“हे कुणी केलं?”

कुणीच सांगेना. मूळ फाईल बाजूला ठेवून कुणीतरी काढलेल्या फाईलीतच परस्पर आकडा बदलला होता. त्यांच्या पद्धतीत हे सगळ्यांत मोठं पाप. काढलेल्याला हात लावायचा नाही, बदल करायचा तो मुळात करायचा आणि पुन्हा ‘काढ’ म्हणायचं. आता पुस्तक एक सांगत होतं, मशीन दुसरंच करत होतं, आणि लातूरला मी तिसरंच करून बसले होते.

“मग खरं कोणतं साहेब?”

“मला काय विचारता? मी मोजलं त्याला दोन सालं झाली.” मग बाडावर बोट ठेवून, “जमनाबाईला विचारा. लिहिलंय की पुस्तकात.”

मी गेले. उदगीरला उतरून, संस्थेच्याच टँकरमध्ये डायव्हरशेजारी बसून. तांड्यावर जमनाबाई पुढं आणि मी वही घेऊन मागं. घरोघर. सकाळी सुरू केलं ते ऊन डोक्यावर आलं तरी संपेना. एका घरातली माणसं परस्पर हैदराबादला बांधकामावर गेलेली. दुसऱ्या घरात मुदखेडकडचे पाहुणे आलेले, तिकडंही पाणी नव्हतं म्हणून. हे पाहुणे मोजायचे का?

“पानी पितात ना?” जमनाबाई म्हणाली. “मग मोजा.”

यादीवरचा जादा आकडा शेवटी दोनशे बाराही आला नाही आणि दोनशे चाळीसही नाही.

शेवटच्या घरात तिची सून कमला होती. दवाखान्यातून घरी आणलेली, बाजेवर, मांडीला प्लास्टर. वय असेल बावीस-तेवीस. तिला मी कोण हे माहीत नव्हतं. जमनाबाईनं “यादीवाल्या बाई” एवढंच सांगितलं.

“मला बी धरा यादीत,” कमला म्हणाली. “कामाची न्हाई राहिले, पर पानी लागतंय.”

ती हसत होती. मी आकडा लिहिला आणि बाहेर आले. तिथं तिला सांगायला हवं होतं. टँकर निघायच्या घाईत होता, डायव्हर हॉर्न वाजवत होता. ही सबब झाली. सांगायचं धाडस झालं नाही.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, एकट्या माणसाला मुकादम घेत नाही. पुढच्या दिवाळीनंतर कमलाचा नवरा गेला नाही. जोडी मोडली होती. पाय वाकडाच जुळला, हे मला वर्षभरानं जमनाबाईकडून कळलं.

नांदेडला जाऊन मी गफूरसाहेबांकडून दोन्ही हत्यारं आणि मूळ फाईल घेतली. आठ दिवस त्यांच्याशेजारी बसून लिहायला शिकले. सी मला येत होतं. मराठी लिहिणं अवघड गेलं. ‘का’ हे लिहायला बसलं की निम्म्या वेळा लक्षात यायचं की ते आपल्याला माहीतच नाही, आणि उठून कुणालातरी विचारावं लागायचं. एकशे सतराच्या जागी मी नवा परिच्छेद लिहिला. आकडा कसा आला, पाहुणे का धरले, दर पाडव्याला पुन्हा मोजावं, हे सगळं. आणि शेवटी लिहिलं: ‘ही ओळ मी कारण न समजता काढली होती. त्यामुळं पाणी कमी पडलं आणि कमला नावाची बाई विहिरीत पाय घसरून मांडी मोडून बसली.’

लातूरला ‘मांड’ करून पुस्तक छापलं आणि अण्णांना दिलं. त्यांनी पहिल्यांदाच वाचलं की आपल्या हपिसातलं मशीन नेमकं काय करतं. दोन दिवस घरी नेऊन वाचलं. परत दिलं तेव्हा खुशीत होते. फक्त एका जागी बोट ठेवलं.

“हे पुस्तक देणगीदारांना दाखवावं म्हणतो मी. हे वाक्य राहू दे, खरं हाय ते. पण तुमचं नाव, ‘मी’ वगैरे, बरं दिसत न्हाई. तुमच्याच नोकरीला बाधक. अन् काढा म्हणणारा मी होतो, तेही लिहावं लागंल मग.”

ते माझ्या भल्याचंच सांगत होते. मला ते पटलं, किंवा पटवून घेणं सोयीचं होतं. मी मूळ फाईल उघडली, ‘मी’ खोडलं आणि लिहिलं: ‘ही ओळ एका कर्मचाऱ्यानं कारण न समजता काढली होती.’ पुन्हा ‘मांड’. पुन्हा छापलं. एक प्रत नांदेडला गफूरसाहेबांना पाठवली.

महिन्याभरानं ती प्रत परत आली. त्यांनी जागोजागी पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. शुद्धलेखन, एखादा आकडा, एके ठिकाणी ‘शाबास’. एकशे सतराच्या पानावर त्या वाक्याशेजारी, समासात, वळणदार देवनागरीत एकच शब्द होता: ‘कोण?’

बाकीच्या सगळ्या दुरुस्त्या मी त्याच आठवड्यात केल्या. ही केली नाही. पुढं तो प्रोग्रॅम कितीतरी वर्षं चालला, मशीनं बदलली, साहेब निवृत्त झाले, मग गेले. प्रत्येक नव्या छपाईच्या वेळी मी त्या पानाशी थांबायची आणि पुढं जायची. साहेबांनी पुन्हा कधी विचारलं नाही. भेटले की घरचं, पावसाचं बोलायचे.

ती मीच होते, साहेब.